घरी कामाला येणाऱ्या बाईंच्या छातीत गाठ आहे. कंपालातच उपचार की भारतात पाठवू?

मुयिंडी | ३ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. मूळची इस्लामपूरची, गेली सहा वर्षं युगांडात, कंपालात. इथे आपल्या लोकांना मुयिंडी म्हणतात, तेच नाव घेतलंय. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर सापडते, आज वेगळंच काम काढलंय.

आमच्याकडे कामाला येतात त्यांना सगळे नालोंगो म्हणतात. ते त्यांचं नाव नाही, जुळ्यांच्या आईला इथे मानाने तशी हाक मारतात. वय ४१. जुळी नऊ वर्षांची, त्यांच्यावर एक मोठी मुलगी. इथे वाळत घातलेल्या कपड्यांवर एक माशी अंडी घालते आणि अळी थेट कातडीत शिरते, त्यामुळे मोजे-बनियनपर्यंत सगळ्याला इस्त्री लागते. गेल्या बुधवारी बघते तर बाई डाव्या हाताने इस्त्री करताहेत. का विचारलं तर हसल्या. दुसऱ्या दिवशीही डावाच हात. शेवटी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, तेव्हा त्यांनी माझा हात धरून छातीवर नेला. मोठ्या लिंबाएवढी गाठ, वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी.

नऊ महिने झालेत म्हणे. वस्तीतल्या दवाखान्यात दोनदा गळू म्हणून गोळ्या दिल्या. तिसऱ्यांदा त्या गेल्याच नाहीत, कारण शेजारीण 'कोकोलो' म्हणाली. लुगांडात कोकोलो म्हणजे कॅन्सर. त्यांच्या गल्लीत कोकोलो झालेलं माणूस बरं होऊन परत आलेलं कुणी पाहिलेलं नाही.

प्रश्न असा: इथल्या सरकारी रुग्णालयात दाखवू, इथेच खासगीत नेऊ, की भारतात पाठवू? नवरा म्हणतो भारत. इथले पैसेवाले बरेच जण जातातही. नालोंगोंचा पगार आपले साडेसहा-सात हजार रुपये. खर्च आम्ही करू, पण आम्हीही काही गडगंज नाही.

कात्रीवाला | ३ फेब्रुवारी

सोलापूर जिल्ह्यात सर्जन आहे. न बघता बोलतोय, तेवढं ध्यानात ठेवा.

संत्र्याच्या सालीसारखी कातडी म्हणजे आजार कातडीपर्यंत आलाय. तिसरी स्टेज धरून चाला, पण 'संपलं' असं धरू नका. काखेत गाठी आहेत का ते डॉक्टर बघतील. इथे क्रम फार महत्त्वाचा. 'आधी काढून टाकू, मग बघू' असं कुणी म्हणालं तर तिथून उठायचं. माझ्याकडे महिन्याला एखादी बाई अशी अर्धवट कापलेली येते, मग ना स्टेज कळत ना कडा. आधी जाड सुईची बायोप्सी, त्याच तुकड्यावर ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का) आणि हर-टू (या प्रथिनावर वाढते का) या तपासण्या. एवढ्या गाठीला आधी किमो, ती आकसली की ऑपरेशन, त्यानंतर लाईट, म्हणजे रेडिएशन. ईआर पॉझिटिव्ह निघाली तर टॅमॉक्सिफेन, रोज एक गोळी, पाच ते दहा वर्षं. कॅन्सरच्या औषधांत इतकं स्वस्त आणि इतकं गुणी दुसरं नाही.

सुई टोचली की पसरतो, असं दहा जण सांगतील. पसरत नाही.

निसर्गोपासक | ३ फेब्रुवारी

किमो म्हणजे विष. साखर पूर्ण बंद, गव्हांकुराचा रस आणि हळद, ४० दिवसांत गाठ विरघळते. माझ्या मेहुणीच्या मैत्रिणीची विरघळली.

कात्रीवाला | ३ फेब्रुवारी

मेहुणीच्या मैत्रिणीचा बायोप्सी रिपोर्ट टाका, मी कात्री विकून गव्हांकुर लावतो.

चहात_पारले | ३ फेब्रुवारी

मुयिंडीताई, तुमच्या त्या मटोकेच्या भाजीनंतर आमच्या घरात कच्च्या केळ्याला बंदी आहे, तरीही तुमचा धागा दिसला की उघडतोच. वाईट वाटलं वाचून. डॉक्टर म्हणतात तसं करा. लवकर करा.

लातूरची_लेक | ३ फेब्रुवारी

नऊ महिने वाचून काटा आला. माझ्या आईने तेरा महिने लपवली होती. २००१ ची गोष्ट. आधी दिवाळी होऊ दे, मग मावसबहिणीचं लग्न होऊ दे, मग ज्वारीची काढणी. ब्लाउजवर डाग दिसायला लागला तेव्हा कुठे मोठ्या वहिनीला सांगितलं. दादाला नाही, बाबांना तर नाहीच. 'पुरुषमाणसाला कसं सांगायचं' या एका वाक्यात आमचं वर्ष गेलं.

मग बार्शीला नेली, नर्गिस दत्त हॉस्पिटलात. तेव्हा लातूरहून बार्शीला जायला छोटी गाडी होती, बार्शी लाईट. रेडिएशनला आमच्याकडे 'लाईट घेणे' म्हणतात. त्यामुळे आई ज्याला त्याला सांगायची, 'लाईटीनं जाते, लाईट घेते अन् लाईटीनं परत येते.' रोज जाणं झेपेना तेव्हा बार्शीतच खोली घेतली. स्टोव्ह, दोन पातेली आणि मी.

आई २०१९ ला गेली. हृदयविकाराने.

म्हणून सांगते, आधी बाईंच्या घरात कुणाकुणाला माहीत आहे ते विचारा.

रोखठोक | ३ फेब्रुवारी

थोडं कडू बोलतो. नऊ महिने रोज घरात येणाऱ्या बाईची गाठ मालकिणीला दिसत नाही आणि आता एकदम भारतात पाठवायची भाषा. विमानाची तिकिटं काढणं सोपं आहे. वर्ष-दीड वर्ष पाठीशी उभं राहणार आहात का? नवऱ्याची तिथली नोकरी संपली तर?

मुयिंडी | ४ फेब्रुवारी

@रोखठोक, दिसली नाही हे खरंच. आमचा करार अजून अडीच वर्षांचा आहे, तेवढं नक्की सांगू शकते.

@लातूरची_लेक, विचारलं. फक्त मोठ्या मुलीला माहीत आहे. नवरा मसाकाकडे असतो, इथून सव्वाशे-दीडशे किलोमीटर. त्याला सांगितलं तर तो दुसरी बायको आणेल म्हणतात. हसत म्हणाल्या, पण हसण्यावारी नव्हतं ते.

परळची_पोर | ४ फेब्रुवारी

दर शनिवारी दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत स्वयंसेवक म्हणून जाते. टाटाचे बाहेरगावचे रुग्ण तिथे उतरतात. तीन आठवड्यांसाठी आलेली माणसं आठ महिने राहिलेली पाहिली आहेत.

भारतात पाठवायचं तर हिशोब मांडा. पासपोर्ट, मेडिकल व्हिसा, पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड, सोबतीला एक माणूस, त्याचंही तेवढंच सगळं. किमो दर २१ दिवसांनी, तशा आठ. मग ऑपरेशन, मग लाईट. नऊ महिने तरी धरा. आपली महात्मा फुले योजना, आरोग्यमित्र, रेल्वेची सवलत यातलं काहीही परदेशी रुग्णाला लागू नाही. आणि नऊ वर्षांची जुळी कुणाकडे?

अर्धवट पैशात भारतात येऊन अर्धवट उपचार घेऊन परत गेलेली माणसं मी बघितली आहेत. त्यापेक्षा तिथे होत असेल तर तिथेच पूर्ण करा. आणि ताई, औषधाशिवायचे पैसे आधी बाजूला काढा: प्रवास, जेवण, बुडालेली रोजी. आमच्याकडे उपचार सोडून जाणारे औषधाला पैसे नाहीत म्हणून क्वचित जातात.

हजार_टेकड्या | ४ फेब्रुवारी

शेजारच्या रवांडात चार वर्षं होतो, जलविद्युत प्रकल्पावर. हे देश म्हणजे काहीच नाही असं समजू नका. उत्तरेला बुटारो नावाचं डोंगरातलं गाव आहे, तिथे २०१२ पासून सरकार आणि पार्टनर्स इन हेल्थ ही स्वयंसेवी संस्था मिळून कॅन्सर रुग्णालय चालवतात. आमच्या साइटवरच्या एका सुपरवायझरच्या आईला तिथे किमो मिळाली, गावचा विमा होता. अडलं ते लाईटपाशी. २०१९ पर्यंत अख्ख्या रवांडात रेडिएशनचं मशीन नव्हतं, देशाबाहेर जावं लागे.

तिथल्या रुग्णांचा एक अभ्यास २०१५ साली आला होता. गाठ लागल्यापासून निदान होईपर्यंत मध्यगा १५ महिने, म्हणजे निम्म्या जणींना त्याहून जास्त लागले, निम्म्यांना कमी. रुग्ण स्वतः गप्प बसली ते पाच महिने आणि दवाखाने या दारातून त्या दारात पाठवत राहिले ते पाच महिने. या दोहोंची बेरीज १५ का होत नाही हे मला विचारू नका, मध्यगांची बेरीज करायची नसते असं आमचा स्टॅटिस्टिक्सवाला म्हणायचा. सांगायचा मुद्दा, दोष अर्धा दवाखान्यांचा होता. सगळं 'बायका लपवतात' या खात्यावर टाकू नका. नालोंगो तर दोनदा गेल्या होत्या की.

लातूरची_लेक | ४ फेब्रुवारी

हो, हे मान्य. आईच्या बाबतीत मात्र आमचंच चुकलं.

आकडेमोड | ४ फेब्रुवारी

टेकड्यासाहेब, तुमचा स्टॅटिस्टिक्सवाला बरोबर होता.

आकडे निघालेच आहेत तर पुढचे घ्या. २०२२ साली भारतात स्तनाच्या कॅन्सरचे साधारण १ लाख ९२ हजार नवे रुग्ण, मृत्यू ९८ हजार. निदानानंतर पाच वर्षांनी हयात असणाऱ्या भारतात ६६ टक्क्यांच्या आसपास, अमेरिकेत ९०. आफ्रिकेतल्या पाच देशांत एक मोठा पाठपुरावा झाला, एबीसी-डीओ नावाचा, त्यात युगांडाही आहे. २०२० साली निष्कर्ष आले. तीन वर्षांनी हयात निम्म्याच. पाच नव्हे, तीन. उशिराचं निदान आणि अपुरा उपचार एवढं सुधारलं तरी यातले जवळपास तिसरा हिस्सा मृत्यू टळतील, असा त्यांचाच अंदाज.

त्याच अभ्यासातला आणखी एक आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. पन्नाशीच्या आतल्या १०० बायका गेल्या की १८ वर्षांखालची २१० मुलं आईविना होतात.

चहात_पारले | ४ फेब्रुवारी

शेवटचा आकडा नसता सांगितला तर चाललं असतं हो.

आकडेमोड | ४ फेब्रुवारी

मलाही.

शिबिरवाले_काका | ५ फेब्रुवारी

यावर एकच उपाय, मॅमोग्राफीची मोफत शिबिरं. आमच्या क्लबने गेल्या वर्षी व्हॅन आणली होती, २०० बायका तपासल्या. मुयिंडीताई, तिथल्या भारतीय मंडळातर्फे असं काही करा.

कात्रीवाला | ५ फेब्रुवारी

काका, हेतू उत्तम, पण त्या २०० पैकी किती जणींची पुढे बायोप्सी झाली? व्हॅन गेल्यावर रिपोर्ट घेऊन बाई कुणाकडे जाते? माझ्या टेबलावर असे तीन रिपोर्ट आले, तिघींना पुढे काय करायचं ते कुणी सांगितलंच नव्हतं.

टाटाचा मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमधला अभ्यास वाचा. १९९८ ला सुरू केला, २० वर्षं चालला, दीड लाख बायका. मशीनबिशीन काही नाही, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासायच्या. २०२१ ला निष्कर्ष आले. पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू ३० टक्क्यांच्या आसपास घटले. पन्नाशीच्या आत घट दिसली नाही. आपल्याकडे काय आणि आफ्रिकेत काय, निम्म्या रुग्ण पन्नाशीच्या आतल्या. त्यांच्यासाठी शिबिरापेक्षा, गाठ घेऊन आलेल्या बाईला गोळ्या देऊन परत न पाठवणारा दवाखाना हवा.

जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ मध्ये तीन उद्दिष्टं ठरवली: साठ टक्के रुग्ण पहिल्या-दुसऱ्या स्टेजला सापडाव्यात, दाखवल्यापासून साठ दिवसांत निदान व्हावं, ऐंशी टक्क्यांनी उपचार पूर्ण करावेत. यात मॅमोग्राफीचं नाव नाही बघा.

शिबिरवाले_काका | ५ फेब्रुवारी

तीन रिपोर्ट आमच्याच व्हॅनचे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा डॉक्टर. मनापासून सांगतो.

मुयिंडी | २७ फेब्रुवारी

उशिराबद्दल माफी. इथेच करायचं ठरलं, सरकारीत. १९६७ पासून इथे मुलागोच्या टेकडीवर युगांडा कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, आधी आम्हाला तेवढंही धड माहीत नव्हतं.

बायोप्सीची गंमत ऐका. गंमत म्हणजे काय, तुम्हीच ठरवा. तुकडा एका जागी काढला, तपासणी दुसऱ्या टेकडीवरच्या प्रयोगशाळेत. नेणार कोण? रुग्णाचे नातेवाईक. झाकणाला चिकटपट्टी लावलेली फॉर्मॅलिनची बाटली पिशवीत घालून नालोंगोंची मुलगी बोडाबोडावर, म्हणजे इथल्या भाड्याच्या मोटरसायकलवर, बसली. मी मागे दुसऱ्या बोडावर. वर पाऊस. पोरगी १७ वर्षांची, दोन्ही हातांनी ती बाटली अशी धरलेली की जणू दिवाच नेतेय. ईआर-पीआरचे पैसे वेगळे. नालोंगोंसारख्या बाईला ते एकरकमी जमलेच नसते, त्यांचा दीड महिन्याचा पगार होता तो.

रिपोर्ट अठरा दिवसांनी आला. तिसरी स्टेज, काखेत गाठी आहेत, फुप्फुस-यकृतात सध्या काही नाही. ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह.

कात्रीवाला | २७ फेब्रुवारी

या परिस्थितीत यापेक्षा बरा रिपोर्ट मागता आला नसता. हर-टू निगेटिव्ह म्हणजे ट्रास्टुझुमॅबचा, हर-टू पॉझिटिव्हला लागणाऱ्या महाग औषधाचा, प्रश्न मिटला. त्याची भारतीय कंपन्यांची आवृत्ती २०१४ मध्ये आली, किंमत उतरली, तरी गरिबाच्या आवाक्यात नाहीच. ईआर पॉझिटिव्ह म्हणजे टॅमॉक्सिफेन चालणार. किमो सुरू करा. पहिल्या चार बहुधा लाल औषधाच्या असतील. दुसऱ्या दिवशी लघवी लाल झाली तर रक्त नाही, औषध आहे. हे आधी सांगून ठेवा. माझी एक पेशंट या एका कारणाने घाबरून पळाली होती.

बाबुराव_बोरिवली | २८ फेब्रुवारी

ताई, तिथे रुग्णालयात जेवणाचं काय असतं?

मुयिंडी | २८ फेब्रुवारी

नातेवाईकांनी करायचं. आवारात मागच्या बाजूला बायका कोळशाच्या शेगड्या मांडून बसतात, मटोके, घेवड्याचा रस्सा. शेगडीला इथे काय म्हणतात माहितेय? सिगिरी.

बाबुराव_बोरिवली | २८ फेब्रुवारी

म्हणजे आपली सिगडी बोटीत बसून गेली! अजून काय गेलंय?

मुयिंडी | २८ फेब्रुवारी

चपाती. चपातीत भाज्या घातलेलं ऑम्लेट गुंडाळून देतात, त्याला म्हणतात रोलेक्स. नालोंगोंना सध्या तेवढंच जातं. माझ्या सासूबाईंनी फोनवर विचारलं, 'त्या आजारी बाईला कशाला गं रोलेक्स देतेस?'

चहात_पारले | २८ फेब्रुवारी

हाहाहा. सासूबाईंना साष्टांग.

हजार_टेकड्या | २८ फेब्रुवारी

धागा शेगडीवर आलाच आहे तर जरा लाईटची चौकशी आत्ताच करून ठेवा. १९९५ साली आलेलं युगांडातलं एकमेव कोबाल्ट मशीन २०१६ मध्ये कायमचं बंद पडलं होतं. चार कोटींचा देश आणि जवळपास दोन वर्षं लाईट नाही. काही रुग्णांना नैरोबीला पाठवलं गेलं, बाकीच्यांचं काय झालं असेल ते उघड आहे. २०१८ च्या सुरुवातीला नवं सुरू झालं, पुढे आणखी मशीनं आली. तरी रांगा असणार.

आकडेमोड | १ मार्च

कोबाल्टवरून आठवलं. आपल्या ट्रॉम्बेच्या बीएआरसीने (भाभा अणुसंशोधन केंद्राने) 'भाभाट्रॉन' नावाचं कोबाल्ट मशीन बनवलंय, भारताने व्हिएतनामला भेटही दिलंय. वीज बेभरवशाची असते तिथे कोबाल्ट परवडतं असं म्हणतात.

रोखठोक | २ मार्च

ताई, मागे जरा जास्त बोललो. ईआर तपासणीचे पैसे कुठे पाठवायचे ते व्यनि करा.

मुयिंडी | १९ जून

धागा वर काढतेय. वाईट बातमी. चौथ्या किमोनंतर नालोंगो गायब. पाच आठवडे झाले, फोन बंद. गाठ निम्म्याहून कमी झाली होती हो! मुलगी म्हणते मसाकाला गेल्या, घेवडा लावायला. मला राग येतोय आणि रागाची लाजही वाटतेय.

शिबिरवाले_काका | १९ जून

असं होतं. बरं वाटायला लागलं की माणूस सोडतो. आमच्या टीबीच्या कामात हेच.

निसर्गोपासक | १९ जून

किमोने घाबरल्या असतील. मी सांगत होतो.

परळची_पोर | १९ जून

ताई, एक विचारू? किमोच्या दिवसाचा पगार देत होतात का? आणि येण्या-जाण्याचे पैसे?

मुयिंडी | १९ जून

पगार पूर्ण देत होते. येण्या-जाण्याचं... औषधं, रक्ततपासण्या, उलटीच्या गोळ्या, सगळं मी भरलं. टॅक्सीचं मनातच आलं नाही. त्यांनी मागितलेही नाहीत. तू फेब्रुवारीतच लिहिलं होतंस, आत्ता वर जाऊन वाचलं.

परळची_पोर | १९ जून

किमोच्या आधी रक्ततपासणीला एक फेरी, किमोला एक, मध्ये पांढऱ्या पेशी उतरल्या तर आणखी एक. सोबत मुलगी, म्हणजे दोन माणसं. ज्याने एवढं केलं त्याच्याकडे वर रिक्षाचे पैसे कसे मागायचे, या संकोचात माणसं गावी निघून जातात. आमच्या धर्मशाळेत जळगावच्या एका आजोबांनी ४० रुपयांसाठी तपासणी चुकवली होती. तुम्ही जाऊन या मसाकाला. फोनवर नका बोलू.

लातूरची_लेक | २० जून

+१. आणि रिकाम्या हाताने जाऊ नका. नवऱ्यासमोर आजाराचं नाव काढू नका, त्यांनी त्याला काय सांगितलंय ते आधी कळू दे.

मुयिंडी | २४ जून

जाऊन आले. साखर, साबण आणि मुलांना वह्या नेल्या.

नालोंगो शेतात होत्या, डोक्याला फडकं. मला बघून आधी माझ्यासाठी चटई अंथरली, मग रडल्या. परळची_पोर, तुझं अर्धं बरोबर निघालं. भाडं होतंच, त्यासाठी त्यांनी शेजारणीकडून उसने घेतले होते आणि शेजारीण रोज दारात उभी. दुसरं कारण मला सुचलंच नसतं. जुळ्यांपैकी एक शाळेत सांगून बसला की आईचे केस गेले. मग पोरं म्हणायला लागली, याच्या आईला कोकोलो आहे, याच्याशेजारी बसू नका. म्हणून त्या दोघांनाही घेऊन गावी आल्या.

नवऱ्याला सगळं माहीत होतं! त्याच्या आत्याला हेच झालं होतं म्हणे. दुसरी बायको वगैरे काही नाही, गडी खाली मान घालून कोंबडी धरायला गेला. मला निघताना ती कोंबडी दिली, जिवंत, पाय बांधलेली. सव्वाशे किलोमीटर मांडीवर कोंबडी.

चहात_पारले | २४ जून

कोंबडीचं पुढे काय झालं?

मुयिंडी | २४ जून

बाल्कनीत आहे. अंडी देते. कापायचं नाव काढलं की मुलगा जेवत नाही.

कात्रीवाला | २५ जून

सात-आठ आठवड्यांचा खंड पडला असला तरी सोडून देण्यासारखं नाही. तिथल्या डॉक्टरांना खरं सांगा, लपवू नका. पुन्हा तपासून राहिलेल्या चार पूर्ण करतील.

बाबुराव_बोरिवली | २५ जून

शाळेचं काहीतरी करा ताई. ते मला जास्त लागलं.

मुयिंडी | २६ जून

हेडमास्तरीणबाईंना भेटले. इथे बऱ्या झालेल्या बायकांचा एक गट आहे, त्यातल्या एकीला घेऊन गेले होते. तिने वर्गात उभं राहून सांगितलं, मला कोकोलो झाला होता, अकरा वर्षांपूर्वी, हे बघा माझे केस. पोरांनी ओढून बघितले म्हणे.

मुयिंडी | ३० ऑक्टोबर

ऑपरेशन झालं. पूर्ण स्तन काढला, काखेतल्या गाठीही. नळी दहा दिवसांनी निघाली. डॉक्टर, ते भूल देण्याचं इंजेक्शन गाठीभोवती टोचायचं काहीतरी टाटाचं संशोधन आहे ना, ते इथे विचारायला हवं होतं का?

कात्रीवाला | ३० ऑक्टोबर

लिग्नोकेन. कापण्याआधी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती. १६०० बायका, ११ केंद्रं, २०२३ ला छापून आलं. पाच वर्षांनी हयात ८६ टक्क्यांच्या जागी ९०. स्वस्त आहे म्हणून मलाही फार आवडतं. पण तो अभ्यास थेट ऑपरेशन होणाऱ्या, लवकर सापडलेल्या रुग्णांवर होता, आधी किमो घेतलेल्यांवर नाही. त्यामुळे हळहळू नका.

आता त्या हाताची काळजी. रक्तदाब, सुई, सगळं दुसऱ्या हातावर. जखम झाली तर लगेच दाखवायचं. बोटं भिंतीवरून वर चढवत नेण्याचा व्यायाम रोज. हात सुजायला लागला तर बांगडी आधी सांगते, ती घट्ट झाली की फोन करायचा.

मुयिंडी | ३० ऑक्टोबर

इस्त्री?

कात्रीवाला | ३० ऑक्टोबर

हलकी असेल तर महिन्या-दीड महिन्याने. कोळशाची जड असेल तर उजव्या हाताने नको, आणि चटका तर अजिबात नको.

लातूरची_लेक | ३१ ऑक्टोबर

आईला आम्ही सुती कापडाची पिशवी शिवून त्यात राळे भरून दिले होते, ब्लाउजमध्ये घालायला. एका बाजूला वजन नसलं की पाठ दुखते. सिलिकॉनचं महाग पडतं. हल्ली सुती धाग्याचे विणूनही देतात. माप पाठवा, मी विणते.

मुयिंडी | ५ डिसेंबर

माप व्यनिने पाठवलंय ग. टॅमॉक्सिफेन सुरू. सोमवारपासून लाईट, तीन आठवड्यांत पंधरा. या वेळी टॅक्सीचे पैसे आधी मोजून पाकिटात घातले, पंधरा पाकिटं, मुलीच्या हातात दिली. नालोंगोंनी इस्त्री पुन्हा हातात घेतलीये, डाव्या हाताने. उजव्याने करायच्या त्यापेक्षा बरी करतात, मी तोंडावर बोलत नाही.

पहिल्या दिवशी काय न्यायचं?

लातूरची_लेक | ५ डिसेंबर

पुढून उघडणारा सैल सुती ब्लाउज. जुनाच द्या, शाई लागते. छातीवर शाईने खुणा करतात, त्या तीन आठवडे पुसायच्या नाहीत, साबण लावायचा नाही. आईने पहिल्याच दिवशी घासून अंघोळ केली होती आणि मला बोलणी बसली.